पावसाळ्यात इमॅजिका: कोणी गेलंय का?

पागोळी | १८ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी स्वतः धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

गणपतीपुळ्याजवळ आमच्या चार खोल्या आणि घरगुती खानावळ आहे. दिवाळीला जे सुरू होतं ते नाताळ, मधले शनिवार-रविवार आणि मग एप्रिल-मे. मे महिन्यात रात्री पाठ टेकली तरी डोळ्यांपुढे मोदकाची उकडच येते. पोरांना सुट्टी असते तेव्हा ती पाहुण्यांची ताटं मांडत असतात. थोरली नववीत आहे, धाकटा सहावीत. परवा शाळा उघडली आणि बाईंनी 'सुट्टीत कुठे गेलात?' यावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. आमच्या चिरंजीवांनी एकच लिहिली: 'सुट्टीत सगळे आमच्याकडे येतात म्हणून आम्ही कुठे जात नाही.' बाईंनी मला बोलावून वहीच दाखवली.

तर यंदा जायचंच. खोल्या रिकाम्या आहेत, आगोट (पावसाळ्याची बेगमी) भरून झाली, पडवीला झापांचा आडोसा बांधून झाला. राहिली लावणी, ती पंधरा जुलैपर्यंत आटपेल. पोरांना खोपोलीचं इमॅजिका थीम पार्क बघायचंय. तर प्रश्न असे की पावसात राइड चालू असतात का, की पैसे भरून छत्री धरून उभं राहायचं? इकडून गाडीने जावं की रेल्वेने? सोबत सासूबाई आहेत, वय ७१, गुडघे यथातथा. आणि हो, ऑफ सिझनला तिकिटात काही कमीजास्त होतं का?

चाकरमानी_परळ | १८ जून, रात्री ११:१५

ताई, डोळे मिटून जा. मी दोन वर्षांपूर्वी जुलैतल्या एका बुधवारी ऑफिसला दांडी मारून गेलेलो. रांगेसाठी ते लोखंडी कठडे लावलेले असतात ना, नागमोडी, त्यातून मी एकटाच चालत होतो. इकडे वळ, तिकडे वळ, पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. कठड्याखालून सरळ घुसलो असतो तर दहा पावलांत पोचलो असतो, पण समोर उभा असलेला मुलगा बघत होता, म्हणून मुकाट्याने सगळी वळणं घेतली.

डिस्काउंटचं म्हणाल तर मधल्या वारी ऑनलाइन काढलं की सहसा स्वस्त पडतं. पण एक विचारू? तुम्ही देता का हो ऑफ सिझनला डिस्काउंट? :)

पागोळी | १८ जून, रात्री ११:२२

मागतात तेव्हा देते. न मागता कोण देतं?

मालवणी_खाजा | १९ जून, सकाळी ६:५०

तुमचा आमचा दुखणा एकच. २६ मेपासून वॉटर स्पोर्ट बंद, ता ३१ ऑगस्टापर्यंत. सिंधुदुर्ग किल्ल्यावरची होडी पण बंद. बोट वर ओढून झाकून ठेवलंय. झिल म्हणता, "बाबा, लोकांका पॅरासेलिंगात उडवतंस, आमका खंय व्हरतलंस?" म्हणान गेल्या पावसात गेललंव. झिल त्या मोठ्या रोलर कोस्टरात सात खेपे बसलो. मी एकाच खेपेक गपगार. तीन मीटर लाटेत बोट घातलंय तेव्हा कधी भियालंय नाय, थंय डोळे मिटून 'रवळनाथा, रवळनाथा' करत होतंय.

खाडीपलीकडे | १९ जून, सकाळी ९:०५

खोपोली कोकणात कधीपासून? धागा 'कोकण' विभागात बघून आलो.

चाकरमानी_परळ | १९ जून, सकाळी ९:३०

रायगड जिल्हा कोकणातच येतो साहेब. बोरघाट चढलात की संपलं कोकण. हा वाद घालायला वेगळा धागा काढा, मी वडापाव घेऊन येतो.

जुना_खटका | १९ जून, दुपारी २:१०

पावसाचं विचारलंय म्हणून सविस्तर लिहितो. मूळचा दापोलीचा, नऊ वर्षं एका पार्कात मेंटेनन्सला होतो (कुठलं ते विचारू नका).

मोठा कोस्टर थांबवण्याची मुख्य कारणं तीन: वीज, वारा आणि अति पाऊस. त्यातली वीज सगळ्यात वाईट, कारण सगळ्या परिसरात उंच लोखंड तेच. पण आपल्याकडे गडगडाट असतो तो मे अखेरीस, मृग लागताना आणि मग परतीच्या पावसात. जुलैतला पाऊस नुसता धरून पडतो, आभाळ फारसं बोलत नाही. म्हणजे जुलै त्या मानाने बरा. ऑक्टोबरात ऊन बघून गेलात आणि दुपारी चारला ढग चढले तर संध्याकाळ तिथेच गेली.

पावसाचा दुसरा त्रास ब्रेकला. जुन्या पद्धतीच्या कोस्टरला पट्टी आवळून ब्रेक लागतो, आणि ओल्या पट्टीची पकड कमी, हे सायकल चालवणाऱ्या कोणालाही कळेल. नव्या राइडना चुंबकाचे ब्रेक असतात. गाडीचा धातूचा पत्रा चुंबकांमधून गेला की आपोआप वेग मरतो, कुठेही घासत नाही, त्यामुळे ओलं-सुकं सारखंच. तरी जोराची सर आली की थांबवतातच. साधा हिशोब करा. ४० मीटरवरून खाली आलात की वेग ताशी १०० किमीच्या आसपास जातो. पावसाचा मोठा थेंब स्वतः ताशी तीसेकच्या वेगाने पडत असतो. तो तुमच्या तोंडावर शंभराने आपटला की टाचण्या टोचल्यासारखं लागतं. भुरभुर असेल तर मजा वाटते, धो धो असेल तर बसणाराच शिव्या घालत उतरतो.

आता गर्दीचं. ऑफ सिझनला माणसं एक चतुर्थांश म्हणून रांगही एक चतुर्थांश, असं नसतं. रेल्वेत जसं एका ब्लॉक सेक्शनमध्ये एकच गाडी, तसाच कोस्टरचा रूळ भागांत वाटलेला असतो आणि पुढचा भाग मोकळा झाल्याशिवाय मागची गाडी सुटत नाही. सिझनला दोन-तीन गाड्या फिरत्या ठेवतात. पावसाळ्यात एकच ठेवतात, बाकीच्या शेडमध्ये उघडून पडलेल्या असतात. चाकं काढायची, सांधे साफ करायचे, रंगाचं द्रावण फासून बारीक तडा दिसतो का बघायचं, हे काम वर्षातून याच दिवसांत होतं. म्हणून एखाद्या राइडला 'आज बंद' पाटी दिसली तर चिडू नका. ती बंद आहे म्हणून मे महिन्यात चालते.

आणि एक गंमत. वर चढताना टक-टक-टक आवाज येतो ना, सगळ्यांना वाटतं साखळीचा आहे. तो गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेल्या खटक्याचा. साखळी तुटली तरी गाडी तिथल्या तिथे अडकून राहील. आमच्या नव्या पोरांना मी सांगायचो, तो आवाज येतोय तोवर घाबरायचं काही नाही. आयडी तिथूनच घेतलाय.

पागोळी | १९ जून, दुपारी ३:००

खटकादादा, हा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रीजवर लावतेय. वाचनखूण साठवली आहेच.

देवरुखकर_काकू | १९ जून, सायंकाळी ५:४५

खरा ऑफ सिझन गणपतीत असतो बरं का. निम्मी मुंबई इकडे उतरलेली, तिकडे पार्कात कावळे. पण आपण घरचा गणपती सोडून जाणार कुठे? ज्याच्याकडे पाच दिवसांत पन्नास माणसं जेवणार, त्याने पाळण्यात बसायचं म्हणजे...

रुळावरचा | १९ जून, रात्री ८:२०

रेल्वेचा सल्ला. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलंय, यंदा (२०२५) १५ जून ते २० ऑक्टोबर (आधी १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं). वेग कमी ठेवतात, सुटायच्या वेळाही बदलतात, त्यामुळे जुन्या वेळेच्या भरवशावर स्टेशनात जाऊ नका. जोराच्या पावसात समोरचं दिसेनासं झालं की ताशी ४०ने चालवतात. पनवेलला उतरून एसटीने खोपोली आणि पुढे रिक्षा. म्हाताऱ्या माणसाला घेऊन ही चढउतार नको. दोघेच असतात तर म्हटलं असतं की मांडवी एक्स्प्रेसने जा आणि पॅन्ट्रीतलं खात खात जा.

आंबेनळी | १९ जून, रात्री ९:००

गाडीने जा, पण पनवेलला जायचं कामच नाही. निवळीला हायवेला लागा, चिपळूण, परशुराम घाट, खेड, कशेडीचा बोगदा, महाड, माणगाव, कोलाड आणि वाकण फाट्याला उजवीकडे आत. तो रस्ता पालीवरून थेट खोपोलीला जातो आणि इमॅजिका याच रस्त्यावर आहे. फक्त निघायच्या दिवशी अंबा नदीची चौकशी करा. पूर असला तर पालीचा नाद सोडा.

सासूबाईंना बल्लाळेश्वर घडेल. वेळ असला तर पुढे महडचा वरदविनायक. अष्टविनायकांतले दोन एकाच रस्त्यावर. पालीजवळ उन्हेऱ्याला गरम पाण्याची कुंडं आहेत, गुडघ्यांचं बोललात म्हणून सांगितलं.

पागोळी | १९ जून, रात्री ९:१५

आंबेनळी, तुम्ही प्रश्नच सोडवलात. आई आतापर्यंत "तुम्ही जा, मी कोंबड्यांकडे बघते" म्हणत होत्या. बल्लाळेश्वर ऐकल्यावर नऊवारी बॅगेत गेली.

साधा_माणूस | २० जून, दुपारी १२:३०

माझा अनुभव उलटा आहे, तोही वाचा. नाव घेत नाही, पण मुंबईजवळच्या एका वॉटर पार्कला ऑगस्टात गेलो होतो. तिकीट पुरं घेतलं. आत गेल्यावर कळलं की निम्म्या घसरगुंड्या दोरी बांधून बंद. खाण्याच्या सहा टपऱ्यांपैकी एक उघडी, तिथे फक्त समोसा, तोही सकाळचा. पोरगी कुडकुडत होती, गरम पाण्याची सोय नाही. काउंटरवरचा म्हणाला, "साहेब, पावसाळ्यात येतंच कोण?" अरे, मी आलोय ना!

माझं म्हणणं एवढंच, आधी फोन करून विचारा की आज काय काय बंद आहे. 'सगळं चालू आहे' असं मोघम उत्तर मिळालं तर एकेक नाव घेऊन विचारा.

जुना_खटका | २० जून, दुपारी १:०५

शंभर टक्के बरोबर. बंद ठेवणं चूक नाही, तिकीट फाडताना न सांगणं ही चूक.

गोराईची_लाँच | २० जून, रात्री १०:५०

अवांतर: हे वाचून लहानपणचं एस्सेल वर्ल्ड आठवलं. १९८९मध्ये सुरू झालं ते, आम्ही शाळेच्या सहलीने गेलो. खाडीतून लाँचने जायचं, हीच निम्मी सहल. टीव्हीवरची जाहिरात तर आमच्या सगळ्या पिढीला तोंडपाठ. एकदा मामाने भर जुलैत नेलं होतं. लाँचमध्ये आम्ही पाच जण, दोन कोळणी आणि त्यांच्या टोपल्या. त्या गोराईच्याच होत्या, बाजार करून घरी चाललेल्या. एकीने विचारलं, "या पावसाचे कुठं निघालाव?" मामा म्हणाला, पाळण्यात बसायला. ती इतकी हसली की टोपली पडता पडता राहिली. आता एस्सेल वर्ल्ड बंद झालंय, शेजारचं वॉटर किंगडम आहे.

खाडीपलीकडे | २१ जून, सकाळी ८:४०

आम्हाला आपला आंगणेवाडीचा आकाशपाळणा पुरे. ना उंचीची अट ना ऑनलाइन तिकीट. पाळणा सुटताना फक्त तो माणूस ओरडतो, "हात आत!"

बाकी पागोळीताई, गणपतीपुळ्यातच राहता तर प्राचीन कोकण काय वाईट? तेही एक थीम पार्कच की.

पागोळी | २१ जून, सकाळी ९:१०

प्राचीन कोकण पाहुण्यांना दाखवून दाखवून पाठ झालंय. झाडीतले ते बलुतेदारांचे पुतळे मला नावाने ओळखत असतील. पोरं तर म्हणतात, पुतळा कशाला, आजीकडे बघितलं तरी तेच.

देवरुखकर_काकू | २१ जून, सायंकाळी ६:००

तारखा बघून ठरवा हं. २० जुलैचा रविवार गटारीचा आहे, खोपोली-लोणावळ्याच्या बाजूला पाय ठेवायला जागा नसेल. २५ला श्रावण लागतोय. त्यातले मधले तीन-चार दिवसच तुमचे.

पागोळी | २१ जून, सायंकाळी ६:२०

ठरलं मग. मंगळवारी २२ला निघू, मुक्काम पालीला, बुधवारी पार्क, गुरुवारी परत. गुरुवारी दिव्यांची अवस आहे आणि आईंनी आत्ताच बजावलंय की दिवेलागणीला घरी हवं. आल्यावर लिहिते.

जुना_खटका | २१ जून, रात्री ९:३०

एक शेवटचं. पाऊस थांबलेला असेल तेव्हा बाहेरचे कोस्टर, सर आली की छपराखालच्या राइड. उलट करू नका. लोक सकाळी कोरडं असताना अंधाऱ्या राइडमध्ये जाऊन बसतात आणि दुपारी पाऊस आला की बाहेरच्या राइडपुढे तोंड पाडून उभे राहतात. कपड्यांचे दोन जोड, मोबाइलला प्लॅस्टिकची पिशवी आणि पट्टा असलेल्या चपला. छत्रीऐवजी दोन्ही हात मोकळे ठेवता येतील असा रेनकोट घ्या.

चाकरमानी_परळ | २४ जुलै, दुपारी १:००

धागा वर काढतोय. पोचले का परत?

पागोळी | २५ जुलै, रात्री ११:००

काल संध्याकाळी सहाला पोचलो. दिवे घासायला वेळ मिळाला, आई खूश. आता सावकाश लिहिते.

मंगळवारी पहाटे पाचला निघालो. कशेडीच्या बोगद्यात शिरताना धुवांधार पाऊस आणि बाहेर पडताना कोरडं, पोरांना तीच पहिली राइड. अंबा नदी गढूळ होती पण पात्रात होती. पालीला देवळात आम्ही धरून वीसेक माणसं. आई गाभाऱ्यासमोर चांगल्या अर्धा तास बसल्या, कोणी "पुढे चला, पुढे चला" म्हणालं नाही.

बुधवारी उघडायच्या वेळेला दारात. भुरभुर चालू होती. खटकादादांचं ऐकून आधी सरळ नायट्रोकडे, म्हणजे त्या मोठ्या कोस्टरकडे. तिथे उंची मोजायची काठी, रेघ १४०ला. धाकटा गेले चार महिने दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खुणा करतोय. काठीखाली उभा राहिला, मान ताठ, टाचा हळूच वर. तिथल्या मुलाने त्याच्याकडे न बघता नुसतं म्हटलं, "टाचा." टाचा खाली आल्या. केस रेघेला लागत होते, डोकं नव्हतं. दोन बोटं कमी. रडला नाही, पण त्यानंतर पंधरा मिनिटं आमच्याशी बोलला नाही. मग ते गोल्ड रश वालं छोटं कोस्टर बघितलं, तिथे बसता आलं, आणि मग बोलायला लागला तो अजून थांबलेला नाही.

थोरली नायट्रोत पाच वेळा बसली. खरंच एकच गाडी फिरत होती. दुसऱ्या वेळी नुसते चौघेच होते म्हणून थोडं थांबवलं, आणखी कोणी येतंय का बघायला. कोणी आलं नाही, तेव्हा चौघांनाच सोडलं. मी खाली उभी राहून फक्त टक-टक ऐकत होते. दादा, तुमच्यामुळे मी पूर्ण वेळ तो आवाज मोजला. थांबला की पोटात गोळा, कारण थांबला म्हणजे वर पोचली.

अकरानंतर सर आली ती दोनपर्यंत. बाहेरचं सगळं थांबलं. आम्ही डीप स्पेस, आय फॉर इंडिया वगैरे छपराखालचं करून घेतलं. आय फॉर इंडियामध्ये पाय लोंबकळत देशावरून उडवतात. आईंना मी नको म्हणत होते, त्या म्हणाल्या, "विमानात कोण बसवणार आहे मला?" उतरल्यावर त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती, "आपलं पुळं कुठे होतं त्यात?"

जेवायच्या ठिकाणी जी गोष्ट झाली ती सांगायचीच आहे. वाढणारा मुलगा माणगावचा निघाला. आमच्या ह्यांनी सवयीने सगळ्यांची ताटं उचलून एकावर एक रचली, खरकटं एका ताटात काढलं. तो धावत आला, "काका, राहू द्या, आम्ही करतो." मग एकदम थांबून म्हणाला, "तुमचं हॉटेल आहे का?" ताटं रचण्यावरून ओळखलं! पाच मिनिटं उभ्या-उभ्या गप्पा झाल्या. म्हणाला, मे महिन्यात दुपारचं जेवण साडेचारला होतं, या दिवसांत वेळेवर मिळतं. ह्यांनी विचारलं, "तू बसलायस का त्या मोठ्या पाळण्यात?" म्हणाला, "नोकरीला लागलो त्या महिन्यात एकदा. नंतर आवाज रोज ऐकतो, तेवढंच."

आईंना एका छपराखाली बाकावर बसवलं होतं. परत आलो तर झाडलोट करणाऱ्या बाईंशी लावणीच्या गप्पा. कुठलं भात, किती खंडी, तरवा पुरला की नाही. त्या बाईंची लावणी अजून अर्धी बाकी होती. सकाळी चिखलात, दुपारी इथे. आईंनी पिशवीतली आंबोशी काढून दिली. तिने आईंना घरी नेऊन टाकळ्याची भाजी द्यायची म्हटलं, पण वेळ नव्हता.

दोननंतर उघडीप मिळाली. राजासॉरसच्या होडीत बसलो, भिजायला काही उरलंच नव्हतं. परत येताना उन्हेऱ्याला थांबलो. पाणी खरंच कढत, आईंनी गुडघे शेकले.

मालवणी_खाजा | २६ जुलै, सकाळी ७:१०

"टाचा!" वाचून हसान हसान मेलंय. आमच्या झिलान पण तसाच केल्यान, फरक एवढोच की तो पास झालो.

देवरुखकर_काकू | २६ जुलै, सकाळी १०:००

आंबोशीचं वाचून बरं वाटलं. धाकट्याला सांगा, पुढच्या पावसापर्यंत दोन काय, चार बोटं वाढेल.

साधा_माणूस | २६ जुलै, दुपारी १२:४५

छान वृत्तांत. तिकिटाचं काय झालं शेवटी? मिळालं का काही कमी?

पागोळी | २६ जुलै, दुपारी ३:३०

ऑनलाइन मधल्या वाराचं काढलं, थोडं कमी पडलं. आईंसाठी काउंटरवर जाऊन पुन्हा विचारून बघितलं, तो हसला आणि नाही म्हणाला.

हे टंकत असतानाच फोन आला. पंधरा ऑगस्टला शुक्रवार आलाय, सहा जण, दोन खोल्या, शनिवारी मोदक हवेत. सगळं ठरल्यावर पलीकडची बाई म्हणाली, "ताई, पावसाळा आहे, ऑफ सिझन आहे, काहीतरी कमी करा ना."

शंभर रुपये कमी केले. मागितले म्हणून.